कोंबडीला गुळाची चव काय?

वाचकहो, आपल्या मासिकांत कोंबडीचें आख्यान कशाला, असें आमच्या वडीलधाऱ्या भगिनी विचारतील. परंतु एक जुनें ऋण फेडावयाचें असल्यामुळें या महिन्यांत तिलाच पाचारण करणें भाग आहे.

सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं आम्ही वर्गांत षड्रस शिकवीत होतों. संस्कृतांत कटु म्हणजे तिखट आणि तिक्त म्हणजे कडू, हें मुलांच्या मनावर ठसवून, "मधुर रस प्राणिमात्रास प्रिय आहे," असा सिद्धांत आम्हीं मोठ्या डौलानें सांगितला. तों मागच्या बाकावरील एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, आमच्या कोंबड्या गुळाकडे ढुंकून बघत नाहींत. वाळवी टाकली, कीं तुटून पडतात." आम्हीं म्हटलें, "अरे, गाढवाला गुळाची चव काय!" वर्ग खदखदां हसला. तो मुलगा खालीं बसला आणि वर्षभर पुन्हां कांहीं बोलला नाहीं.

आमच्या पुतण्याची मुलगी पशुवैद्यक शिकते. तिला ही गोष्ट आम्हीं विनोद म्हणून सांगितली. ती हसली नाहीं. म्हणाली, "आजोबा, त्या मुलाचें बरोबर होतें."

तिनें समजावलें तें असें. गोडी ओळखणारा ग्राहक दोन प्रथिनांच्या जोडीनें बनतो. त्यांपैकीं टी-१-आर-२ या प्रथिनाचा जनुकच कोंबडीच्या ठायीं नाहीं. दुसरा जोडीदार टी-१-आर-३ मात्र आहे. तो टी-१-आर-१ शीं जुळतो आणि ॲमिनो आम्लांचा रस ओळखतो. प्रथिनांची माळ ज्या वीस प्रकारच्या मण्यांनीं ओविली जाते, तींच हीं आम्लें. १९०८ सालीं टोकियोचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेडा यांनीं कोंबू नांवाच्या समुद्रवनस्पतीच्या सारांतून ग्लुटामेट वेगळें काढलें व त्याच्या रुचीस 'उमामी' हें नांव दिलें. पिकल्या टोमॅटोच्या सारास जी रुचि येते, तिच्यांत याचा अंश असतो.

कोंबडीच्या स्वादकलिका कांहीं शेंच, आणि त्याही बहुतेक टाळूवर व चोंचीच्या तळाशीं. तरी तिला जें हवें तें कळतें. अंडें आणि पिसें प्रथिनांचीं बनतात, आणि वाळवींत प्रथिनें भरपूर असतात. मका-सोयाबीनच्या खाद्यांत मेथिओनिन हें आम्ल अपुरें पडतें, म्हणून तें वरून घालतात. पुरें आणि अपुरें अशीं दोन खाद्यें पुढें ठेविलीं, तर कोंबड्या कांहीं दिवसांत पुऱ्याकडे वळूं लागतात. ही निवड केवळ जिभेची नव्हे. खाल्ल्यावर शरीरास काय मानवलें, याची आठवणही तींत असते.

याहून नवल अमेरिकेंतील हमिंगबर्डचें. गोडीचा ग्राहक त्याच्याही पूर्वजांनीं गमाविला होता. परंतु फुलांतील मधावर जगतां जगतां त्याचा ॲमिनो आम्लांचाच ग्राहक पालटून साखर ओळखूं लागला, असें २०१४ सालीं संशोधकांनीं दाखविलें.

प्रमाणांत पहिला मान प्रत्यक्षाचा, हें आम्हीच शिकवीत असूं. त्या मुलानें रोज कोंबड्या पाहिल्या होत्या. आम्हीं एकही पाळलेली नव्हती. घरांतील वडीलधाऱ्यांस विनंती एवढीच, कीं पोरानें पाहिलेलें कांहीं सांगितलें, तर म्हणीनें त्याचें तोंड बंद करूं नये, आधीं "कुठें पाहिलेंस?" असें विचारावें. तो मुलगा आतां पन्नाशींत असेल. हा अंक त्याच्या हातीं पडला, तर त्यानें आम्हांस क्षमा करावी.