गुण भरून झाले, पुढे काय?

मोर्शीच्या एखाद्या हायस्कूलच्या स्टाफरूममध्ये चाचणीच्या आकड्यांवरून शिकवण्याची दिशा ठरवा असं सुचवून पाहा. "पोट्टं कुठं अडलं, ते आमाले त्याचं तोंड पायलं की समजते. तक्ते कायले?" हे उत्तर ठरलेलं.

या चिडीमागे कारण आहे. राज्य सरकारची नियतकालिक मूल्यांकन चाचणी २०२४-२५ मध्ये नववीपर्यंत पोचली. पेपर तपासा, गुण सरकारी चॅटबॉटवर भरा, की काम संपलं. दुसऱ्या दिवशीचा धडा जिथला तिथेच. याला कारकुनी म्हणणारे शिक्षक चूक नाहीत.

निकालाची टक्केवारीही भरवशाची नाही. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के, २०१९ साली ७७.१० आणि २०२० साली ९५.३०. मुलं एका वर्षात मठ्ठ आणि पुढच्या वर्षात हुशार झाली नव्हती. २०१९ला अभ्यासक्रम नवा होता, भाषांचे अंतर्गत २० गुण काढले होते. पुढच्या वर्षी ते परत आले. शिवाय हा निकाल लागतो तेव्हा मुलगी शाळा सोडून गेलेली असते. बोर्डाचा निकाल म्हणजे मंडीतला भाव. आंबिया बहाराचा ताण बसला की नाही, हे संत्र्याच्या पानावरूनच पाहावं लागतं.

म्हणून आकडेच नकोत, असं मात्र ठरत नाही. साठ मुलांच्या वर्गात तोंड दिसतं ते पुढच्या बाकांचं. मागे बसून मान डोलावणारी वर्षभर 'समजलेली'च राहते. आणि तोंडावरून पोरगं अडलं एवढं कळतं. कोणत्या पायरीवर अडलं, हे उत्तरपत्रिकाच सांगते.

वर्गसमीकरणांच्या चाचणीत दोघांना वीसपैकी नऊ मिळाले असं धरा. एकीला शाब्दिक उदाहरणातून समीकरण मांडता येतं, पण अवयव पाडताना चिन्ह चुकतं. तिचं दुखणं नववीच्या बहुपदीतलं आहे. दुसऱ्याला सूत्र तोंडपाठ, पण शाब्दिक उदाहरण कोरं. त्याला उदाहरण वाचून मांडणी शिकवायला हवी. नऊ हा आकडा पाहून आपण दोघांनाही एकाच जादा तासाला बसवतो.

उपाय वहीच्या एका पानात मावतो. उभ्या रकान्यांत प्रश्न, आडव्या ओळींत मुलं, चुकलं तिथे चुकीचा प्रकार. अर्धा वर्ग एकाच प्रश्नाला अडला, तर तो घटक वेगळ्या रीतीने पुन्हा शिकवा. चौघंच अडले, तर त्या चौघांना जवळ घ्या. वेळ कुठून आणायचा? जे सगळ्यांना येतं तेच पुन्हा घोकून घेण्यात आज तो जातोच आहे.

अधिकाऱ्यांनीही किती नोंदी भरल्या हे विचारणं सोडावं. कोणता घटक, कोणत्या मुलांना, कसा पुन्हा शिकवला, एवढंच विचारावं. जी चाचणी उद्याचा तास बदलत नाही, ती घेऊच नये.