गाणं हवं, कवी नको?



१४ एप्रिल जवळ आला की चिखली, मेहकर, खामगाव, कुठंही जा, जुन्या भीमगीतांची नवी रूपं कानावर पडतात. गळा नवा, खाली डीजेचा ठेका. यूट्यूबवर गायकाचं नाव असतं, चॅनेलचं असतं, सौजन्य म्हणून एखाद्या पुढाऱ्याचंही असतं. कवीचं नाव मात्र अनेकदा नसतं. यावर आम्हाला स्पष्ट बोलायचं आहे. त्यासाठी आधी एका परदेशी धूनची गोष्ट.

'टेक फाइव्ह' ही जॅझमधली धून १९५९ साली डेव्ह ब्रूबेक यांच्या चार जणांच्या संचानं ध्वनिमुद्रित केली. शब्द नाहीत, पाच मात्रांचा ठेका आणि त्यावर सॅक्सोफोन. पुढं ती जगभर पुन्हा पुन्हा वाजली. अल जॅरो यांनी ती शब्दांसह गायली, जमैकाच्या व्हॅल बेनेट यांनी दुसऱ्याच नावानं वाजवली, लाहोरच्या कलावंतांनी सतार-तबल्यावर आणली. लोक तिला ब्रूबेकची धून म्हणतात. पण ती रचली संचातले सॅक्सोफोनवादक पॉल डेसमंड यांनी. रचनाकार म्हणून त्यांचंच नाव नोंदलेलं होतं, म्हणून रॉयल्टीवर हक्कही त्यांचाच राहिला. १९७७ साली ते वारले, तेव्हा या धूनचं पुढचं उत्पन्न त्यांनी अमेरिकन रेडक्रॉसच्या नावे केलेलं होतं. नाव शाबूत होतं, म्हणून हे दान करता आलं.

याच संचात यूजीन राइट हे कृष्णवर्णीय बेसवादक होते. १९६० च्या दौऱ्यात अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अनेक कॉलेजांनी अट घातली, राइटना वगळून या. ब्रूबेक यांनी नकार दिला आणि बहुतेक कार्यक्रम रद्द झाले. संगीत हवं, पण ते घडवणारा माणूस नको. ही वृत्ती आपल्याला नवी आहे का?

आता आपल्याकडं पाहू. वामनदादा कर्डक यांचा जन्म १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. अक्षरओळख मोठेपणी झाली, तरी हजारो गीतं लिहिली आणि गावोगाव गाऊन बाबासाहेबांचा विचार पोचवला. त्यांच्या कितीतरी गीतांच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव येतं. छापणारे, कंपनीवाले नाव टाकोत न टाकोत, कवीनं आपली सही गाण्यातच करून ठेवली. आणि आपण काय करतो? गाणं तीन मिनिटांत बसवायला नेमकं तेच कडवं कापतो!

काही जण म्हणतील, चाल तर सिनेमातून घेतलेली होती, मग हक्क कसला? चाल ज्याची असेल त्याचंही नाव द्या. त्यानं शब्द लिहिणाऱ्याचं श्रेय कमी होत नाही. दुसरे म्हणतील, ही चळवळीची गाणी आहेत, समाजाची आहेत. मान्य. मग त्यांवर मिळणारे जाहिरातीचे पैसे तरी समाजाकडं जातात का?

कायदाही कवीच्या बाजूनं आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ सांगतं की हक्क विकले तरी 'ही रचना माझी' म्हणण्याचा अधिकार लेखकाकडंच राहतो. कवीच्या निधनानंतर ६० वर्षं कॉपीराइट टिकतो. वामनदादा २००४ साली गेले. म्हणजे २०६४ संपेपर्यंत.

गाणी पुन्हा गायलीच पाहिजेत. गायली नाहीत तर ती मरतील. पण यंदाच्या जयंतीपासून तीन गोष्टी पाळू. व्हिडिओत आणि बॅनरवर कवीचं नाव गायकाच्या आधी. नावाचं कडवं कापायचं नाही. पैसे मिळाले तर कवीच्या घरच्यांचा वाटा द्यायचा.

इतिहासातून आपल्या माणसांची नावं पुसली गेली, असं आपण व्यासपीठावरून सांगतो. मग तेच काम आपल्या हातून होता कामा नये.

जयभीम!