मावळच्या उताराला ट्रॅक्टरच मानवतो

दिवाळीनंतर मावळातली भातं झोडून होतात, खाचरांतलं पाणी आटतं आणि पवनेच्या काठापासून कार्ला-मळवलीपर्यंत पिवळी यंत्रं डोंगराला भिडतात. कुठे फार्महाऊससाठी रस्ता काढायचा असतो, कुठे तंबू ठोकायला जागा सपाट करायची असते, कुठे कुंपणाचे खांब रोवायचे असतात. मुंबई-पुण्याहून येऊन दोन-तीन एकर घेतलेली मंडळी असोत की पिढ्यान्‌पिढ्या इथेच भात लावणारी घरं, दोघांपुढेही हल्ली एकच प्रश्न असतो. दरवेळी भाड्याच्या यंत्राची वाट बघत बसण्यापेक्षा स्वतःचं एखादं घ्यावं का? आणि घ्यायचं तर छोटा ट्रॅक्टर की बांधकामाच्या साइटवर ज्याला सरसकट बॉबकॅट म्हणतात तो स्किड स्टीअर लोडर?

मावळ-लोणावळ्याच्या जमिनीसाठी या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट आहे. विकत घ्यायचा तो छोटा, चारही चाकांना जोर असलेला ट्रॅक्टर. लोडरचं काम निघेल तेव्हा लोडर भाड्याने आणावा.

स्किड स्टीअर वाईट यंत्र आहे म्हणून नव्हे. ते ज्या कामासाठी जन्माला आलं, त्या कामात त्याला तोड नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या रॉथसे गावात सिरिल आणि लुई केलर या दोघा भावांचं वर्कशॉप होतं. तिथल्या एका टर्कीपालकाला दुमजली शेडमधली घाण उपसायची होती. खांबांच्या मधून वळेल आणि वरच्या मजल्यावर चढवता येईल इतकं हलकं यंत्र त्याला हवं होतं. 1957 मध्ये केलर बंधूंनी त्याला तीन चाकांचा लोडर बनवून दिला. पुढे मेलरो कंपनीने तो हाती घेतला, 1960 मध्ये त्याला चारही चाकांचा जोर मिळाला आणि बॉबकॅट जगभर गेला. शेड, खांब, पक्की जमीन आणि अरुंद जागा, एवढ्यात या यंत्राचं सगळं मर्म आलं.

या यंत्राची चाकं वळत नाहीत. डावीकडची दोन पुढे आणि उजवीकडची दोन मागे फिरवली की अख्खं यंत्र जागच्या जागी गिरकी घेतं. सिमेंटच्या कोब्यावर हे बघत राहावं असं काम आहे. पण अडीच-तीन टनांचं तेच धूड आंबवण्याजवळच्या एखाद्या उतारावर जूनच्या दोन सरींनंतर फिरवून पाहावं. गिरकी घेताना चारही टायर जमीन खरवडतात. वरचं गवत मुळासकट निघतं, खालचा तांबूस मुरूम उघडा पडतो आणि चंद्रकोरीच्या आकाराचे चर उमटतात. पुढच्या जोरदार सरीत पाणी नेमकी तीच वाट धरतं. लोणावळ्यात पावसाळ्यात चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. एवढ्या पावसात चाकाच्या खुणेची घळ व्हायला एक पावसाळा पुरतो.

मावळच्या वरकस जमिनीवर माती मुळातच पातळ आहे. वीत-दोन वीत खणलं की मुरूम लागतो आणि त्याखाली काळा कातळ. बकेटने जमीन सपाट करताना उंचवट्यावरची चांगली माती आधी खरवडली जाते, खोलगट भागात तळाशी गाडली जाते आणि वर मुरूम पसरतो. दिसायला मैदान छान दिसतं. त्यात लावलेला आंबा चार वर्षांनीही कमरेएवढाच राहतो, मग मालक रोपवाटिकेला दोष देतो.

ट्रॅक्टरची गोष्ट वेगळी आहे, कारण त्याची खरी ताकद मागच्या बाजूला आहे. हॅरी फर्ग्युसन यांनी 1926 मध्ये पेटंट घेतलेली तीन बिंदूंची जोडणी आज गावातल्या जवळपास प्रत्येक ट्रॅक्टरला असते. त्या जोडणीवर जूनमध्ये रोटाव्हेटर चढतो, पावसाळ्याआधी चर साफ करायला ब्लेड चढतं, फळबागेत फवारणी पंप, कुंपणासाठी खड्डे घेणारा ऑगर, उन्हाळ्यात झाडांना पाणी घालायला टँकर आणि सुगीला ट्रॉली. वीस-पंचवीस अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर साधारण टनभर वजनाचा असतो. महिंद्राचा जिवो 245 हे या गटातलं ओळखीचं नाव. 24 अश्वशक्ती, चारही चाकांना जोर आणि मागे 750 किलो उचलण्याची क्षमता. नाशिकच्या द्राक्षबागांनी असे अरुंद ट्रॅक्टर महाराष्ट्रात रुळवले. मावळच्या लहान खाचरांना आणि बोळवजा शिवाररस्त्यांना तेच सोयीचे पडतात.

भाताचा विचार केला तर निवडच उरत नाही. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने 1987 मध्ये दिलेला इंद्रायणी आज या तालुक्याची ओळख आहे. त्या भाताला चिखलणी लागते. लोखंडी केजव्हील लावलेला हलका ट्रॅक्टर खाचरात शिरतो, माती कालवतो, मागची फळी चिखल समपातळीत आणते. वर्षानुवर्षांच्या चिखलणीने खाचराच्या तळाशी पाणी धरून ठेवणारा घट्ट थर तयार झालेला असतो. बकेटच्या एका फटक्याने तो फुटला की खाचर गळू लागतं आणि पुन्हा पाणी धरायला त्याला कित्येक हंगाम लागतात. बांधाचंही तसंच. ट्रॅक्टर एका खाचरातून दुसऱ्यात जाताना बांध थोडा खचतो, फावड्याने सावरता येतो. लोडर गेला की दगडी तालच कोसळते.

घाटाखाली नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी रुजवलेल्या सगुणा भात पद्धतीत तर चिखलणीही नको असते. गादीवाफे एकदाच करायचे आणि पुढे जमीन न नांगरता त्यावरच टोकण करत राहायचं. मावळातल्या ज्या शेतकऱ्यांना ही पद्धत जमेल, त्यांना ट्रॅक्टरही वर्षातून मोजकेच दिवस लागेल. मग पाच-सहा घरांत मिळून एक घेणं अधिक शहाणपणाचं.

आता उताराकडे वळू, कारण या तालुक्यात सगळ्यात काळजी करायची ती त्याचीच. 30 जुलै 2014 च्या सकाळी याच पुणे जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव डोंगराखाली गाडलं गेलं. दीडशेहून अधिक माणसं गेली. मुसळधार पाऊस हे कारण सर्वांनीच मान्य केलं, पण वरच्या उतारावर यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाचा त्यात किती वाटा होता, यावर जाणकारांत मतभेद राहिले. या वादाचा निकाल काहीही मानला तरी एक फरक डोळ्यांआड करता येत नाही. आदिवासी पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या हाताने होत आलेल्या पडकईत दगड वेचून उताराला आडवी ताल रचली जायची आणि तिच्यामागे माती हळूहळू साचायची. पट्टा अरुंद असायचा, त्यातून पाण्याला वाट असायची. यंत्राने एका दिवसात दोन पुरुष उंचीची उभी कड कापता येते आणि निघालेला भराव न दाबताच खाली ढकलता येतो. पाणी त्या भरावात मुरतं आणि भराव जड होत जातो.

दारात लोडर उभा असला की उतार कापण्याचा मोह होतो. भाड्याच्या यंत्राला तासाला हजार रुपयांच्या वर मोजावे लागतात, म्हणून माणूस आधी आखणी करतो, चार जणांना विचारतो. स्वतःच्या यंत्राला फक्त डिझेल लागतं. रविवारी पाहुणे आले, पार्किंगला जागा कमी पडली, की घेतला थोडा डोंगर आत. पवनेच्या पाणलोटात अशा थोड्या-थोड्या कापण्यांनी उघडे पडलेले तुकडे रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही दिसतात. ज्याने जमीन प्रेमाने घेतली, त्याच्याच हातून हे होतं, हे जास्त लागतं.

कायदाही इथे सैल नाही. परवानगीवाचून मुरूम उपसला तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 48 खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि यंत्र जप्त होऊ शकतं. आपलीच जमीन आहे, हा खुलासा तहसीलदारांपुढे चालत नाही.

स्किड स्टीअरला न्याय द्यायचा तर मावळातल्या पोल्ट्री शेडकडे पाहावं. बॅच निघाली की लिटर उपसून शेड धुवायची असते, छत बुटकं, खांब जवळजवळ, खाली कोबा. केलर बंधूंच्या टर्कीपालकाची अडचण इथे जशीच्या तशी आहे. चार मजुरांचं दोन दिवसांचं, नाकातोंडात अमोनिया जाणारं काम हे यंत्र एका सकाळीत उरकतं. तळेगावच्या फ्लोरिकल्चर पार्कमधले मोठे गुलाब उत्पादक, शंभरावर जनावरांचे गोठे, फरसबंद आवार असलेली रिसॉर्ट, यांनी ते खुशाल घ्यावं. त्यांच्याकडे रोज उचल-ठेव आहे, जमीन पक्की आणि बहुतांशी सपाट आहे. तालुक्याची पूर्व बाजू, तळेगाव-वडगावकडची, तशीही लोणावळ्यापेक्षा कितीतरी कमी पावसाची.

ट्रॅक्टरलाही समोर लोडर लावून मिळतो. शेणखत भरणं, वाळूचा ढीग सरकवणं अशा हलक्या कामांना तो पुरतो. फक्त मागे वजन लावायला विसरू नये आणि भरलेली बकेट उचलून चालवू नये, नाहीतर पुढचा अॅक्सल आणि ड्रायव्हर दोघांचंही काही खरं नाही.

धोका दोन्ही यंत्रांत आहे. ट्रॅक्टर उतारावर कलंडतो, म्हणून ड्रायव्हरला कलंडण्यापासून वाचवणारी लोखंडी चौकट आणि सीटबेल्ट असलेलाच ट्रॅक्टर मागावा. स्वीडनने 1959 मध्येच नव्या ट्रॅक्टरना ही चौकट सक्तीची केली. आपल्याकडे आजही ती काढून ठेवणारे भेटतात. ट्रॉली घेऊन उतरताना न्यूट्रल टाकण्याची सवय तर जीवघेणीच. मागच्या पीटीओचा, म्हणजे इंजिनचा जोर अवजाराला देणारा दांडा मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. त्यात पदराचं किंवा उपरण्याचं टोक अडकलं तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. त्याचं प्लास्टिकचं कव्हर तुटलं की त्याच दिवशी नवं बसवावं. स्किड स्टीअरमध्ये ड्रायव्हर पुढून, उचलणाऱ्या हातांच्या खालून आत शिरतो. बकेट वर असताना उतरणारे तिथेच सापडतात. रिकाम्या यंत्राचं वजन मागे असतं, त्यामुळे उतारावर ते उलटं, रिव्हर्समध्ये चढवावं लागतं. हे ठाऊक नसलेला हौशी मालक पहिल्याच चढणीला संकटात येतो.

पैशांचं गणितही ट्रॅक्टरच्याच बाजूने जातं. नवा स्किड स्टीअर छोट्या ट्रॅक्टरच्या तिप्पट-चौपट पडतो. 22 सप्टेंबर 2025 पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला, लोडरवर तो 18 टक्केच आहे. सातबारा नावावर असलेल्या शेतकऱ्याला महाडीबीटीवर अर्ज करून ट्रॅक्टरसाठी अनुदान मिळू शकतं. शिवाय ट्रॅक्टर स्वतःच्या चाकांवर कामशेतच्या बाजाराला जाऊन येतो. स्किड स्टीअर ताशी दहा-बारा किलोमीटरने सरपटतो, त्याला एका शिवारातून दुसऱ्यात न्यायचं म्हणजे ट्रक बोलवा.

मग कुंपण, गवत, फळबाग, चर आणि ट्रॉली एवढंच काम असलेल्या दोन-तीन एकरवाल्याने वीस-पंचवीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर, रोटाव्हेटर आणि एक मागचं ब्लेड घ्यावं, ऑगर गावातून भाड्याने आणावा. रस्ता किंवा पाया काढायचा असेल तेव्हा लोडर अनुभवी ऑपरेटरसकट दोन दिवस बोलवावा आणि तोही पाऊस पूर्ण ओसरल्यावर. पाणी कुठून जाणार, हे आधी आखून घ्यावं.

विकत घेण्यापूर्वी शोरूमच्या डांबरी आवारातल्या फेरीवर समाधान मानू नये. विक्रेत्याला यंत्र स्वतःच्या शिवारात, पावसानंतर, मागे अवजार लावून चालवून दाखवायला सांगावं. सर्व्हिसचा माणूस वडगाव-तळेगावात बसतो की लांबून येतो, तेही विचारावं. चिखलणीच्या आठवड्यात क्लच गेला आणि मेकॅनिक यायला चार-पाच दिवस लागले, तर तरव्यातली रोपं जून होतात आणि त्या खाचराचं वर्षाचं भात हातचं जातं.