स्प्रिंग, खडू आणि बाबांची स्विफ्ट

रविवारी रात्री साडेनऊला बाबा वाईहून परतले, गाडीची किल्ली टेबलावर ठेवली आणि सरळ हात-पाय धुवायला गेले. एक शब्द नाही. आमच्या घरात याला वादळ म्हणतात. मागून आई आली आणि तिने बॉम्ब टाकला, "अगं, काय केलंयस तू गाडीला? आजी खंबाटकीत दोनदा ओरडली."

काय केलं होतं? स्प्रिंग कापून आणल्या होत्या. चारही. कुणालाही न सांगता.

फ्लॅशबॅक. गेल्या सीझनला एका मित्राने मला ऑटोक्रॉस बघायला नेलं आणि माझी वाट लागली. फंडा एकदम सोपा. मोकळ्या मैदानात कोन मांडून वळणावळणांचा ट्रॅक आखायचा, एका वेळी एकच गाडी सोडायची, आणि शर्यत फक्त घड्याळाशी. कोन पाडला की वेळेत पेनल्टी. स्पीड म्हणाल तर फार नाही, बहुतेक वेळ दुसऱ्या गिअरमध्येच जातो. पण त्या साठ-पासष्ट सेकंदांत तुमच्या डोक्यात ईएमआय नसतो, अप्रेझल नसतं, बॉस नसतो. जाम सही वाटतं. अधिकृत स्पर्धेत उतरायचं तर एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्टचा कारभार बघणाऱ्या संस्थेचं लायसन्स लागतं. तेही काढलं. प्रश्न एकच होता, गाडी.

गाडी बाबांची. 2010 ची स्विफ्ट, 1.2 लिटर पेट्रोल, व्हीएक्सआय. 2025 च्या दिवाळीत तिला पंधरा वर्षं झाली, तेव्हा बाबांनी स्वतः आरटीओत उभं राहून तपासणी करून घेतली आणि आरसी आणखी पाच वर्षांनी वाढवून आणली. त्या दिवशी घरी पेढे आले होते. माझ्या ग्रॅज्युएशनला बर्फी होती, असो.

स्टँडर्ड स्विफ्ट ट्रॅकवर घातली की पहिल्याच वळणावर कळतं की ही भाजी आणायला बनवलेली गाडी आहे. ती एसटीच्या लाल डब्यासारखी कलते, पुढचे टायर किंचाळतात आणि नाक वळायचं सोडून सरळ जातं. म्हणून मी ठरवलं, रुंद टायर घालायचे आणि गाडी खाली बसवायची. सगळेच करतात!

टायरचं गणित आधी सांगते, कारण ते मी बरोबर केलं होतं (एवढंच बरोबर केलं होतं). कंपनीचा साइज 165/80 आर 14. म्हणजे टायर 165 मिलिमीटर रुंद, बाजूची भिंत रुंदीच्या 80 टक्के, रिम 14 इंची. गुणाकार-बेरीज केली तर चाकाची उंची येते साधारण 620 मिलिमीटर. मी घेतले 195/60 आर 15. त्यांची येते 615. पाच मिलिमीटरचा फरक, स्पीडोमीटरला पत्ताही लागत नाही. दुकानदार 205/50 खपवायला बघत होता. तो दिसायला कडक, पण उंची 586 वर येते, म्हणजे स्पीडोमीटर पाच टक्क्यांच्या आसपास जास्तच दाखवणार आणि गाडीचं पोट आणखी दीड सेंटिमीटर खाली. आधीच आपले स्पीडब्रेकर म्हणजे छोटे सह्याद्री. 195 साठी सहा इंच रुंदीचे सेकंडहँड रिम घेतले. टायर आणि रिम मिळून माझ्या तीन लेखांचं आणि एका बिल्डरच्या ब्रोशरचं मानधन गेलं.

आता एक गंमत. रुंद टायर म्हणजे रस्त्याला जास्त रबर टेकतं, असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटायचं. पण टेकणारं क्षेत्रफळ मुख्यतः ठरतं वजन आणि हवेच्या प्रेशरवर. पुढच्या एका चाकावर साधारण 300 किलो, हवा 30 पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 2.1 किलो. भागाकार करा, 140 चौरस सेंटिमीटरच्या आसपास येतं. पोस्टकार्डापेक्षा जरासं मोठं! अख्खी गाडी अशा चार पोस्टकार्डांवर उभी असते. रुंद टायरमध्ये ते पोस्टकार्ड फार मोठं होत नाही, ते आडवं होतं. वळताना टायर कमी पिळवटतो आणि पकड जास्त वेळ टिकते. हे डांबरावर किंवा काँक्रिटवर. आपल्याकडे बऱ्याच ऑटोक्रॉस मातीत होतात, तिथे उलटं असतं. सुट्या मुरमावर रुंद टायर तरंगतो, अरुंद टायर वरचा थर कापून खालच्या टणक जमिनीपर्यंत जातो. तेव्हा खरेदीआधी विचारून घ्या, ट्रॅक कशाचा आहे.

पुढची पायरी सस्पेन्शन. नवीन स्प्रिंगचा सेट महाग. एका गॅरेजमध्ये सांगितलं, "मॅडम, दीड वेढा कापू, गाडी दीड इंच बसेल, दोन तासांत मोकळ्या." मी मोकळी झाले. संध्याकाळी सोसायटीत गाडी लावली तेव्हा सॉलिड दिसत होती. शनिवारी बाबा ती घेऊन वाईला गेले. परत येताना मागच्या सीटवर आई आणि वाईची आजी... थांबा, खंबाटकीचा घाट जातानाच लागतो, येताना बोगदा असतो. म्हणजे आजी जातानाही गाडीत होती. हो, होतीच. पुण्यात डॉक्टरला दाखवायला आली होती. कमरेसाठी.

सोमवारी सकाळी मी भोसरीला मामांकडे गेले. मामा म्हणजे बाबांच्या गाड्या वीस वर्षं बघणारे मेकॅनिक. त्यांनी मागची बाजू जॅकवर घेतली, चाकं लोंबली, आणि मला खाली वाकायला सांगितलं. "हात घाल पोरी. फिरव ती स्प्रिंग."

स्प्रिंग हाताने फिरली. गरागरा. स्विफ्टच्या मागच्या बाजूला स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर वेगवेगळे असतात, स्प्रिंग नुसती वरच्या आणि खालच्या वाटीत दाबून बसलेली. ती आखूड झाली की चाक खड्ड्यात लोंबताना वाटीत सैल होते, आणि नशीब खराब असेल तर तिरकी बसते. आजी दोनदा ओरडली ती दोन्ही वेळा बहुधा "टण्ण" आवाजाला. मी खाली वाकलेलीच राहिले थोडा वेळ.

"साहेबांना सांगितलंस?" मामांनी विचारलं. मी मान हलवली. नाही.

मग त्यांनी चहा मागवला आणि माझी शाळा घेतली. सहा कामाच्या वेढ्यांतला दीड वेढा कापला की स्प्रिंग एक-तृतीयांशाने कडक होते, पण शॉकअब्सॉर्बर जुन्या स्प्रिंगच्याच हिशेबाचा. त्याला ती आवरत नाही, गाडी डुचमळत राहते. त्यात चाकाला वर जायला जागा उरलेली नाही, बारीक खड्ड्यातही रबरी स्टॉपर आपटतो. आणि सगळ्यात भारी धक्का तर पुढच्या बाजूचा. स्विफ्टला पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. गाडी फार खाली बसवली की खालचा आर्म चाकाकडे वर चढतो, आणि गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो रोल सेंटर झपाट्याने खाली जातो, गाडीच्या वजनाच्या मध्यापेक्षाही जास्त. दोन्हींमधलं अंतर वाढतं, म्हणजे गाडीला कलवणारी तरफ लांब होते. म्हणजे न कलण्यासाठी खाली बसवलेली गाडी कलायला आणखी तयार! पैसे देऊन.

त्या संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. सैल स्प्रिंगसकट. ते ऐकत होते. मग फक्त म्हणाले, "मागे आई बसली होती माझी." मला ओरडले असते तर बरं झालं असतं.

नव्या स्टँडर्ड स्प्रिंगा आणि चार शॉकअब्सॉर्बर माझ्या पैशाने आले. ब्रोशरवाल्या बिल्डरकडून दुसरं ब्रोशर मागून घेतलं. बाबांनी अट घातली, रस्त्यावर गाडी आरसीवर आहे तशीच धावेल. त्यांच्याकडे कात्रणही होतं. कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येणार नाही, असा सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या जानेवारीत दिलेला निकाल. वाद संपला. रुंद चाकं आता मागची सीट पाडून ट्रॅकवर जातात आणि तिथे मी जॅक लावून बदलते. चार चाकं, वीस मिनिटं, जिमची गरज नाही.

मामांनी स्वतःहून एकच गोष्ट केली, कॅम्बरची. वळताना गाडी कलते तसा बाहेरचा पुढचा टायर बाहेरच्या काठावर उभा राहतो, आणि टायर जितका रुंद तितकी त्याची आतली बाजू फुकट जाते. स्ट्रट चाकाच्या नकलला दोन बोल्टांनी जोडलेला असतो. त्यातला वरचा काढून मधे फुगवटा असलेला बारीक बोल्ट घातला की चाकाचं डोकं थोडं आत कलतं. सव्वा डिग्री मिळाली. त्यासोबत टो बिघडतो, म्हणून लगेच अलाइनमेंट. बाबांनी बोल्ट हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि मामांना विचारलं, "याने आईला काही होणार नाही ना?" मामा म्हणाले, "टायर आतून थोडा जास्त झिजेल साहेब, बस्स. आणि नको वाटला तर अर्ध्या तासात जुना लावून देतो."

मग आला प्रॅक्टिसचा दिवस. काँक्रिटचं मैदान, दिवसभर एकच ट्रॅक. सकाळी जुन्या टायरवर माझी वेळ 64.8 सेकंद. रुंद टायर, 32 पीएसआय: 63.9. म्हणजे एवढा सगळा तमाशा करून एक सेकंद! मी वैतागून चाकाशेजारी बसले होते, तेवढ्यात बाबा आले. हो, ते आले होते, "गाडी कशी चालवतेस ते बघायला." हातात पांढरा खडू. मामांनी दिलेला. त्यांनी पुढच्या टायरवर, जिथे तळ संपून भिंत सुरू होते तिथे, तीन ठिकाणी रेघा ओढल्या. एक फेरी मारून आले तर रेघ भिंतीवर बऱ्याच खालपर्यंत पुसलेली. टायर आडवा पडत होता, मी भिंतीवर गाडी चालवत होते! पुढे 37 केली. रेघ काठाशीच पुसली. 62.7.

मागे हवा वाढवली तर शेपूट थोडी सैल सुटते आणि नाक वळतं, हेही करून पाहिलं. 40 वर 61.9 आली, पण शेवटच्या वळणावर शेपटाने एक कोन उडवला. पेनल्टी दोन सेकंद. मी हेल्मेट काढून खाली उतरले तर बाबा खडू घेऊन मागच्या चाकाशी उकिडवे बसलेले.

"मागे 38 करून बघ," ते म्हणाले, "आणि त्या वळणाला ब्रेक जरा आधी सोड."