गप्प झालेले मूल रुळलेले नसते

लहान मूल दवाखान्यात भरती केले की वस्तीतल्या आयांना एक वाक्य हमखास ऐकायला मिळते. "बाई, तू बाहेर जा. तू समोर असलीस की जास्त रडतं. दोन दिवसांत रुळेल." हे वाक्य आम्हीही शेकडो वेळा बोललो आहोत. अंगावर गणवेश होता, त्यामुळे ठामपणे बोललो. आज या पानावर ते मागे घ्यायचे आहे.

नर्सिंगची पदविका घेऊन आम्ही नोकरीला लागलो, तेव्हा पहिली काही वर्षे मुलांच्या वॉर्डात गेली. तिथे भेटीची वेळ संध्याकाळी चार ते सहा. आईने रात्री थांबायचे नाही, असा नियम होता. एकदा अडीच वर्षांचा मुलगा न्यूमोनियाने आला. आई चार घरची धुणीभांडी करणारी. पहिल्या दिवशी दाराकडे बघत घसा बसेपर्यंत रडला. मग एक-दोन दिवस नुसता पडून राहिला, कुणी जवळ गेले तरी हालचाल नाही. पाचव्या दिवशी मावशीच्या हातून भात खाल्ला, बिस्किट देणाऱ्या प्रत्येकाकडे गेला. आम्ही नोंदवहीत लिहिले, "मूल शांत आहे." त्या संध्याकाळी आई आली. त्याने तिच्याकडे एकदा पाहिले आणि भिंतीकडे तोंड फिरवले. "माझ्यावर रुसलाय," असे ती हसत म्हणाली आणि तिने पदर डोळ्यांना लावला. आम्हीही हसलो. तेव्हा आम्हाला तेवढेच कळत होते.

पुढे नोकरी सुटली, वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम सुरू झाले, थोडे वाचन झाले. तेव्हा समजले की आमच्या डोळ्यांदेखत जे घडले, ते फार आधीच कुणीतरी टिपून ठेवले होते.

मनोविश्लेषण ही व्हिएन्नाच्या सिग्मंड फ्रॉइडने सुरू केलेली विद्या. मोठ्या माणसाच्या मनाच्या दुखण्याचे मूळ ती त्याच्या लहानपणात शोधते. फ्रॉइडच्या अनेक कल्पना आज मागे पडल्या आहेत आणि त्यांच्यासाठी भांडण्याचे आम्हाला कारण नाही. पण त्याच विद्येतून आलेल्या काही लोकांनी मुलांजवळ बसून, पाहून, लिहून जे शोधले ते टिकले.

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते. फ्रॉइडची मुलगी ॲना फ्रॉइड आणि तिची सहकारी डोरोथी बर्लिंगहॅम यांनी तिथे मुलांसाठी संगोपनगृहे चालवली. त्यांना दिसले की बॉम्बच्या आवाजापेक्षा आईपासून तुटण्याने मुले जास्त हादरतात. म्हणून त्यांनी मुलांचे लहान गट करून प्रत्येक गटाला एक ठरावीक बाई दिली. या संस्थेत जेम्स रॉबर्टसन नावाचा स्कॉटलंडच्या कामगार घरातला तरुण बॉयलर सांभाळायला होता. तिथला नियम असा, की काम कोणतेही असो, मुलांबद्दल जे दिसेल ते प्रत्येकाने कागदावर लिहायचे. रॉबर्टसन लिहायला शिकला, पाहायला शिकला.

युद्धानंतर तो जॉन बोल्बी या मनोविश्लेषक डॉक्टरांसोबत काम करू लागला. त्या काळी लंडनच्या काही मोठ्या दवाखान्यांत आईबापांना आठवड्यातून एकदा तास-दोन तास भेट मिळायची. रॉबर्टसनने वॉर्डात बसून जे पाहिले त्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या. आधी मूल आकांत करते. मग आशा सोडते आणि गप्प होते. शेवटी सगळ्यांशी वरवर हसते-खेळते, पण आई आली की तिच्याकडे पाठ फिरवते. या तिसऱ्या पायरीलाच दवाखाने "मूल रुळले" म्हणत होते. आमच्या नोंदवहीतले "शांत आहे" हेच होते.

डॉक्टर ऐकेनात, तेव्हा त्याने कॅमेरा घेतला. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस भरती असलेल्या लॉरा नावाच्या दोन वर्षांच्या मुलीचे चित्रण केले. १९५२ साली तो माहितीपट लंडनच्या डॉक्टर-नर्ससमोर दाखवला, तेव्हा अनेकांना राग आला, आमची बदनामी होते म्हणाले. पण वाद थांबला नाही. १९५९ साली प्लॅट समितीने ब्रिटिश सरकारला शिफारस केली की मुलांना भेटण्यावर वेळेचे बंधन नको आणि लहान मुलांच्या आईला दवाखान्यात राहू द्यावे. एका साध्या कामगाराने नीट पाहिले, म्हणून हजारो मुलांचे रडणे ऐकले गेले.

बोल्बींचा मुख्य मुद्दा साधा आहे. तोपर्यंत मानले जायचे की आई दूध पाजते म्हणून बाळ तिला धरून राहते. बोल्बी म्हणाले, तसे नाही. भुकेइतकीच ही स्वतंत्र गरज आहे. घाबरल्यावर, दुखल्यावर आपल्या माणसाला धरणे हा बाळाचा स्वतःला वाचवण्याचा मार्ग आहे. म्हणून सुई टोचताना आईला मिठी मारणारे मूल हट्टी नसते, लाडावलेलेही नसते.

आता दुसरी बाजू. या सिद्धांताचा वापर बायांना दोषी ठरवायलाही झाला. बोल्बींनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला. त्याचा आधार घेऊन म्हटले गेले की चांगली आई ती, जी घरी बसते. आमच्या वस्तीतली कोणती आई घरी बसू शकते? १९७२ साली मायकेल रटर या मानसोपचारतज्ज्ञांनी हा सगळा विषय पुन्हा तपासला आणि दाखवले की थोड्या वेळाची ताटातूट आणि मायेचे माणूसच नसणे या वेगळ्या गोष्टी आहेत. त्याआधी १९६४ साली ग्लासगो शहरातल्या ६० बाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातली बरीच घरे कामगारांची होती. दीड वर्षाची होईपर्यंत बहुतेक बाळांची ओढ एकापेक्षा जास्त माणसांकडे होती. बाप, आजी, मोठे भावंडही त्यात आले.

हे आपल्याला नवे वाटू नये. सिद्धार्थाची माता महामाया वारली, तेव्हा महाप्रजापती गौतमीने त्याला वाढवले. भीमाबाई गेल्यावर लहानग्या भीमाला आत्या मीराबाईंनी सांभाळले. मुलाला ओळखीचा, रोज येणारा, न बदलणारा हात हवा. तो जन्मदात्या आईचाच असला पाहिजे असे नाही.

पण तो हात फुकट मिळत नाही, हे बाबासाहेबांनी फार लवकर ओळखले होते. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी मांडले की बाळंतपणाच्या काळात आईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे, आणि त्याचा मोठा भार सरकारने उचलावा. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा झाली, ५० किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर सक्तीचे झाले. पण चार घरी भांडी घासणारीला, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराला ही रजा कोण देणार? मूल आजारी पडले तरी खाडा झाला की पैसे कापले जातात. मग तीच आई मुलाला एकटे टाकून गेली म्हणून वॉर्डात बोलणीही खाते. आमचे मत स्पष्ट आहे. मुलाजवळ आई नाही, याचा जाब आईला विचारायचा नाही. तिला तिथे थांबता येईल अशी सोय का नाही, हा जाब व्यवस्थेला विचारायचा.

आज बऱ्याच सरकारी दवाखान्यांत मुलांच्या वॉर्डात आई थांबते, हे खरे. पण ती खाटेखाली चटई टाकून झोपते, जेवणाची सोय नसते आणि बापाला दारात अडवले जाते. नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात तर काचेतून बघायचे. वास्तविक २०१७ साली केंद्र सरकारनेच अशा कक्षात कुटुंबाला बाळाच्या देखभालीत सामील करून घेण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. आपण हे विचारले पाहिजे, नम्रपणे पण लेखी.

घरच्यांनी काय करावे? मूल भरती झाले तर एक ओळखीचे माणूस रात्रंदिवस जवळ राहील असे बघा. आई नसेल तेव्हा बाप किंवा आजी चालेल, पण दर तासाला माणूस बदलू नका. मूल झोपले की गुपचूप निघून जाऊ नका. "मी कामाला जाते, संध्याकाळी दिवे लागले की येते," असे सांगा आणि त्या वेळेला या. ते रडेल, रडू द्या. आईच्या जुन्या साडीचा तुकडा उशाशी ठेवा. त्याला घरी काय हाक मारता, झोपताना काय लागते, हे सिस्टरला सांगा. "गप्प बस, नाहीतर सिस्टर सुई टोचेल," हे कधीही म्हणू नका.

घरी आल्यावर काही दिवस मूल पदर सोडणार नाही, रात्री दचकेल, कदाचित अंथरूण ओले करेल. मारू नका. बहुतेक मुले जवळ घेतल्यावर हळूहळू सावरतात. महिना उलटूनही मूल खेळत नसेल, बोलत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा.

आणि एक काम वस्तीचे. कुणाचे मूल दवाखान्यात असेल तर रविवारी विहारात वंदना झाल्यावर दहा मिनिटांत पाळी लावता येते. डबा कोण देणार, घरच्या मोठ्या मुलांना कोण बघणार, आईच्या बदल्यात एक दिवस तिच्या कामावर कोण जाणार. आमच्या त्या अडीच वर्षांच्या मुलाच्या आईला अशी माणसे मिळाली असती आणि आम्ही तिला दारात अडवले नसते, तर त्याने भिंतीकडे तोंड फिरवले नसते.