खाडी एक, तालुके चार, वाली कोणीच नाही!

मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा, तळा. राजपुरी खाडीच्या काठाला हे चार तालुके. चौघांच्याही कागदावर खाडी म्हणजे नुसती हद्दीची रेघ. आणि रेघेला मालक नसतो मंडळी!

जरा नकाशा बघा. बाहेर उघडा अरबी समुद्र, तोंडाशी जंजिरा, दोन्ही बाजूंना डोंगर आणि आत लांबवर शांत पाणी. या आडोशामुळेच इथे वस्ती आणि बंदरं झाली. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी मांदाडजवळ कुड्याची लेणी खाडीकडे तोंड करून कोरली, ती काय उगाच? सिद्दीचं कौतुक करायला ही पोस्ट नाही, पण त्याच्या जंजिरा संस्थानात मुरूडही होतं आणि पलीकडचं म्हसळा-श्रीवर्धनही. पाणी मधे, कारभार दोन्ही काठांवर. १९४८ ला संस्थान विलीन झालं. आता लोकांचं राज्य आहे, तर खाडीकडे एकत्र बघायला कोणाला वेळ नाही.

आज याच पाण्यात दिघी बंदराची जहाजं, आगरदांडा-दिघी फेरीबोट, किल्ल्यावर जाणाऱ्या पर्यटकांच्या होड्या आणि कोळ्यांची जाळी. त्यात ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने दिघी औद्योगिक क्षेत्राला मंजुरी दिली. म्हणजे वर्दळ वाढणारच.

आता सांगा, भरतीचं पाणी तालुक्याची हद्द विचारून थांबतं का? दिघीच्या बाजूला गाळ उपसला की गढूळ पाणी भरतीबरोबर आत चढणारच. तिवरांच्या मुळाशी मासळीची पिल्लं वाढतात, चिखलात कालवं, खुबे मिळतात. ते गेलं तर चुली चारही तालुक्यांतल्या विझतील. आणि सुनावणी? ती एकाच काठावर घेऊन भागणार नाही.

'विकासाला विरोध' म्हणून शिक्का मारू नका. नोकऱ्या हव्यातच, आमची पोरं मुंबईला किती दिवस धाडायची? मागणी साधी आहे. संपूर्ण खाडीचा एकच नकाशा करा. जहाजांचा मार्ग, जाळ्यांची जागा, तिवरं, गाळ टाकायचं ठिकाण सगळं त्यावर दाखवा. दोन्ही काठांवर सुनावणी घ्या, मराठीत घ्या, आणि भर हंगामात कोळी समुद्रात असताना घेऊ नका.

चारही तालुक्यांच्या लोकप्रतिनिधींना विचारा, खाडीसाठी एकत्र कधी बसलात? उत्तर आलं तर कमेंटमध्ये टाका. मी वाट बघतोय.