असीरगडच्या डोल्या

बऱ्हाणपूरहून खंडव्याच्या वाटेला लागले की सातपुड्याच्या एका डोंगरावर असीरगड दिसू लागतो. एकाच्या पोटात एक अशा तीन तटबंद्या. खाली मलयगड, मधे कमरगड आणि माथ्यावर खुद्द असीरगड. उत्तरेतून दक्षिणेत उतरायचे तर याच्या नजरेखालून जावे लागे, म्हणून याला दख्खनचा दरवाजा म्हणत. असा हा गड इ.स. १४०० च्या सुमारास पडला, तो मात्र डोल्यांमुळे.

फेरिश्ताने ही हकिकत लिहून ठेवली आहे. गड होता आसा अहीर नावाच्या धनवान गवळ्याचा. खानदेशच्या नसीरखान फारुकीने त्याला निरोप धाडला, ‘शेजारचे राजे माझ्यावर उठले आहेत, माझ्या बायकामुलांना तुमच्या गडावर आसरा द्या.’ आसा भला माणूस, हो म्हणाला. पहिल्या दिवशी डोल्यांतून खरोखरच बायका आल्या. आसाच्या घरच्या बायकांनी त्यांची उठबस केली. दुसऱ्या दिवशी आणखी दोनशे डोल्या आल्या. पडद्यातल्या बायकांची डोली उघडून कोण पाहणार? आत हत्यारबंद शिपाई होते. स्वागताला आलेले आसा आणि त्याची मुले तिथेच मारली गेली.

या गोष्टीत मला पहिल्या दिवसाच्या डोल्या जास्त महत्त्वाच्या वाटतात. काल खऱ्या निघाल्या म्हणून आज कुणी विचारले नाही. तट भक्कम होते, पहारा होता. फक्त डोलीला विचारायचे नाही, एवढी एक सवलत होती. आपल्या घरीही दारावर थाप पडली की आतून ‘कोण?’ आणि बाहेरून ‘मी!’ शेजारच्या कानडी घरात ‘यारु?’ आणि ‘नानु!’ दोन्ही भाषांत ओळख सारखीच कच्ची, आणि दार मात्र उघडते.

आता हे दार संगणकात आले आहे. पतसंस्थेची खाती, दवाखान्याच्या नोंदी, शाळेचे दाखले ज्या संगणकात एकत्र साठवतात त्याला डेटाबेस सर्व्हर म्हणतात. आपल्या घरोघरची मुले पुण्या-बंगळूरला ज्यावर काम करतात, त्यांतला एक फार पसरलेला डेटाबेस म्हणजे मायएसक्यूएल. (त्यातले ‘माय’ म्हणजे आपली माय नव्हे. कर्ते मॉन्टी विडेनियस यांनी ते थोरल्या मुलीच्या नावावरून घेतले. धाकट्या मारियाच्या नावाने पुढे मारियाडीबी निघाला.)

हा सर्व्हर तुमचा पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाही, त्याचा एक ठसा ठेवतो. जुन्या पद्धतीत तो सोळा अक्षरांचा होता, आणि खोट अशी की तो ठसा ज्याने चोरला त्याला मूळ पासवर्ड ठाऊक नसतानाही आत शिरता येई. २००४ च्या सुमारास ४.१ ही आवृत्ती आली आणि ठसा लांब व पक्का झाला. नुसता ठसा चोरून भागेनासे झाले. पण हजारो कचेऱ्यांत जुने प्रोग्रॅम चालू होते. त्यांचे अडू नये म्हणून जुनी ओळखही चालू द्यायची सोय ठेवावी लागली. म्हणजे तट नवा, पण डोल्यांची सवलत कायम.

त्यावरचा उपाय म्हणजे ‘सिक्युअर-ऑथ’ नावाची एक कळ. ती चालू केली की जुना ठसा असलेल्या खात्याला सर्व्हर दारातूनच परत पाठवतो, पासवर्ड बरोबर असला तरी. सक्ती दरवाजाकडून हवी, येणाऱ्याच्या मर्जीवर नको, हे त्यातले मर्म. २०१३ च्या ५.६ आवृत्तीपासून ही कळ मुळातच चालू मिळू लागली, २०१५ च्या ५.७ मध्ये जुनी पद्धत काढूनच टाकली. पुढे ४.१ मधली ‘नवी’ पद्धतही म्हातारी झाली आणि २०२४ च्या ९.० आवृत्तीत तिलाही निरोप मिळाला.

प्रत्येक वेळी कुठल्यातरी कचेरीत सकाळी प्रोग्रॅम उघडत नाही, काउंटरवर रांग लागते. मग दुरुस्तीवाला येऊन सक्ती बंद करतो किंवा जुनीच आवृत्ती परत बसवतो, आणि सगळे हुश्श करतात. राग मला त्या हुश्श करण्याचा येतो. त्या रांगेतल्या माणसांची पुंजी आत असते.

ओळख पक्की झाली तरी आतला माणूस उरतोच. जानेवारी १६०१ मध्ये अकबराने हाच असीरगड घेतला. अबुल फजल गडावरच्या रोगराईचे कारण देतो, जेसुइट पाद्र्यांच्या वृत्तांतात मात्र अधिकाऱ्यांना पैसा चारल्याचे येते. यावर कर्नाटकच्या ‘भूमी’ योजनेने काढलेला मार्ग आपल्या परिचयाचा आहे. पहणीच्या उताऱ्यांच्या संगणकात शिरताना कर्मचाऱ्याला बोटाचा ठसा द्यावा लागे. ‘माझा पासवर्ड दुसऱ्याने वापरला’ असे म्हणायला जागा उरली नाही.

तुमच्या संस्थेत प्रोग्रॅम बसवणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. सर्व्हर जुन्या पद्धतीची ओळख अजून स्वीकारतो का? प्रत्येक कारकुनाचे खाते वेगळे आहे, की सगळे मिळून एकच पासवर्ड वापरतात? शाखेतून मुख्य कचेरीकडे जाणारी माहिती वाटेत कुणाला वाचता येईल का? ‘अहो, आपलीच तर माणसं आहेत,’ असे उत्तर आले, तर पुढच्या सभेत दुसऱ्याचे दरपत्रक मागवा.